तांबटाच्या घरचं ताम्हन

"ताम्हन कुठे आहे?" भटजींनी विचारलं.

दिगंबर तांबट उजव्या तळहातावर पाणी धरून अवघडून बसला होता. तो डावखुरा. पण संकल्पाचं पाणी उजव्या हातानेच सोडायचं.

ताम्हन नव्हतं. पाडवा जवळ आला की कसबा पेठेतल्या तांबटांकडे गिऱ्हाइकांची रीघ लागते. दुकानातली ताम्हनं केव्हाच संपली होती. सकाळी शनिवारवाड्यावरच्या एका कारकुनाने देव्हाऱ्यातलंच उचलून नेलं. त्याला नाही कोण म्हणणार?

"तांबटाच्या घरी ताम्हन नाही," भटजी म्हणाले. "छान. आता सोनाराच्या बायकोच्या हातात पितळेच्या बांगड्या बघितल्या की डोळे मिटायला मोकळा झालो."

दिगंबरची बायको, तुळजाबाई, पुढे सरकली. नवऱ्याच्या हाताखाली तिने आपली ओंजळ धरली. "यात सोडा."

"नव्या वर्षापासून मी माझा राग सोडला," दिगंबर म्हणाला.

माघात त्याने भिरकावलेली हातोडी मुलाच्या कपाळावर बसली होती. जखम बांधून माधव बायकोसह निघाला, तो तिच्या माहेरी, लोणी काळभोरला जाऊन राहिला. दिगंबरला मुलगा परत हवा होता.

पाणी पडलं. तुळजाबाई दचकली.

"आई गं! किती कढत!"

"माठातलं आहे, बाई," भटजी म्हणाले, आणि दिगंबरही हसला.

संकल्प टिकला. त्याचं त्यालाच नवल वाटे. पत्रा तडकला, गिऱ्हाइकाने घासाघीस केली, तरी तो शांतपणे ठोके घालत राही. आळीत लोकांनी त्याच्यावर पैजा लावल्या आणि हरले. दिवाळीला माधव बायकोला घेऊन दोन दिवसांसाठी आला. बाप बदललेला बघून राहिलाच. पौषात सून श्यामला बाळंत झाली. मुलगी झाली. घरात पाळणा हलू लागला.

पण तुळजाबाईला काहीतरी होत होतं. तिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. आधी भांडी आदळू लागली. मग शिव्या आल्या. पाणी मागायला आलेल्या शेजारणीला ती म्हणाली, "का गं, नदी आटली का?" दिगंबरने भाता फुंकता फुंकता मान वर केली. हे वाक्य त्याचं होतं. शिव्याही त्याच्याच होत्या, त्याच क्रमाने. नवऱ्याला तिने कधी एकेरी हाक मारली नव्हती. आता ती त्याला "ए तांबट्या" म्हणे.

आणि वस्तू फेकायची ती डाव्या हाताने.

झटका ओसरला की ती भिंतीला टेकून रडे. "हा हात माझा नाही," म्हणे. पाळण्याजवळ जाताना ती डावा हात पदराने कमरेला बांधून घेई. दिगंबरने लिंबं उतरवली, नारळ ओवाळले, दर्ग्यातला अंगारा आणला. काही फरक पडला नाही.

पुन्हा पाडवा आला. गुढी उभारून झाली. दिगंबरने स्वतः घडवलेलं नवं ताम्हन पाटासमोर मांडलं. भटजींनी ते फिरवून बघितलं.

"आलं म्हणायचं. गेल्या वर्षी बायकोच्या हातावर सोडलंत. बरं झालं, गाय सोडत नव्हतात."

"म्हणजे?"

"अहो, उदक ज्याच्या हातावर पडतं, दान त्याचं होतं. गाय सोडली असतीत तर आज ती हिच्या नावाची असती."

दिगंबर ताम्हनाकडे बघत राहिला. गेल्या वर्षी त्याने गाय सोडली नव्हती.

आतून मुलीचं रडणं ऐकू आलं. पाठोपाठ तुळजाबाईचा आवाज आला. "गप! नाहीतर पत्र्यासारखी चेपून काढीन!"

दाराशी उभ्या असलेल्या माधवचा हात आपोआप कपाळावरच्या वणाकडे गेला. ही धमकी त्याने लहानपणी रोज ऐकली होती.

दिगंबर आत धावला. तुळजाबाई पाळण्याशी उभी होती. पदराची गाठ सुटली होती. डाव्या हातात हातोडी उगारलेली होती. ते मनगट तिने स्वतःच उजव्या हाताने घट्ट आवळून धरलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याने हातोडी काढून घेतली आणि तिला बाहेर आणून पाटावर बसवलं.

"भटजी, दिलेलं परत घेता येतं का?"

"मागता येत नाही. त्यांनी आपण होऊन सोडलं तर सोडलं." भटजींच्या आवाजातली थट्टा गेली होती. त्यांनी ताम्हन पुढे सारलं. "यात सोडू द्या."

"आणि ताम्हनातलं पाणी?"

"तुळशीला. नाहीतर नदीला."

तुळशीला सून रोज हात लावत होती. नदीवर सगळी पेठ पाणी भरत होती.

"माधव, गाडी जुंप. बायको-पोरीला घेऊन लोणीला जा."

"आबा, आज? सणाचं?"

"आत्ता. आणि मी बोलवायला आलो, तर येऊ नकोस."

बापाचा चेहरा बघून माधव बैल जुंपायला गेला. थोड्या वेळाने बैलांच्या घुंगरांचा आवाज आळीच्या टोकाशी विरला. घरात रिकामा पाळणा अजून किंचित हलत होता.

दिगंबरने ताम्हन बाजूला केलं आणि बायकोच्या हाताखाली आपली ओंजळ धरली.

"सोड."

भटजींनी माठातलं पाणी तिच्या तळहातावर घातलं. तिने ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि हात कलता केला. पाणी पडलं. दिगंबरने दात आवळले, पण ओंजळ हलवली नाही. तळहात लाल झाले.

तुळजाबाईने आपला डावा हात समोर धरला. बोटं मिटली, उघडली. मग तिने नवऱ्याकडे बघितलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "भाजलं का हो?"