दार उघडू नका

रग्नाने शाळेच्या फोटोंच्या प्रकल्पासाठी न्हाणीघराची अंधारखोली केली आणि दाराच्या फटी काळ्या चिकटपट्टीने बुजवल्या, तेव्हा तिचा बाप टॉर्केल बर्गनच्या गोदीभर मिरवला होता. "आमची पोरगी जुन्या पद्धतीने, घरीच कागद धुऊन फोटो काढते!"

आजही बाटली रिकामी झाली आणि त्याने दारावर मूठ आपटली.

"तुझी आई आहे ना आत? बाहेर पाठव तिला!"

"बाबा, दार उघडू नका! कागद पाण्यात आहे. जरा उजेड लागला तर सगळे फोटो काळे पडतील. आई कागद हलवतेय, तिला मध्येच सोडून येता नाही येणार."

"नाताळ गेला, ईस्टर आला, तरी तुझे फोटो संपेनात होय गं?" तो गुरगुरला. पण फोटोंचं नाव निघालं, की त्याचा हात कडीवरून खाली यायचा. आजही आला. थोड्या वेळाने बाहेर टीव्ही सुरू झाला.



आत मोठा दिवा लख्ख जळत होता, आणि कोरड्या टबात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या आईने हलकेच विचारलं, "शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, की मग काय सांगशील गं?"