हॅवर्लींच्या थडग्यावरचा पहारा

प्रेत सापडलं होतं, पण थडगं फुटलं नव्हतं. क्रेमर फौजदाराचं डोकं चक्रावलं ते एवढ्यासाठीच.

सायलस हॅवर्ली म्हणजे सिनसिनाटीतलं डुकराच्या मांसाच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. डिसेंबरात घटसर्पाने गेले. हिवाळा हा वैद्यकीय कॉलेजांचा चिरफाडीचा हंगाम, आणि त्यासाठी प्रेतं चोरून विकली जात. गरिबांच्या दफनभूमीत आज पुरलेला माणूस उद्या तिथे असेल याची खात्री देवसुद्धा देत नसे. श्रीमंत लोक म्हणून पहारेकरी ठेवत. हॅवर्लींच्या खोलीएवढ्या दगडी थडग्याला लोखंडी दार, त्याला दोन कुलपं, आणि बाहेर बंदूक घेऊन फिनबार स्कली. एवढा बंदोबस्त असूनही फेब्रुवारीत कॉलेजातल्या एका मुडद्यावरची चादर निघाली आणि एक विद्यार्थी मटकन खाली बसला. समोर त्याच्या आईचे सख्खे मामा, सायलस हॅवर्ली होते. ज्यांनी जन्मभर डुकरं खारवली, ते कॉलेजच्या पिंपात दोन महिने खारवले गेले होते.

सायलस यांचे चिरंजीव, धाकटे मालक लूशस यांना त्यात कोडं काही दिसलंच नाही. पहारेकऱ्याने लाच खाल्ली, विषय संपला. स्कलीला त्याच दिवशी आत टाकलं. सोमवारी खटला होता, आणि न्यायाधीश हॅवर्लींच्या पंगतीला बसणारे. स्कलीची उरलेली जवानी खडी फोडण्यात जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

क्रेमर त्याला कोठडीत भेटला.

"डुलकी लागली असेल साहेब एखाद्या वेळी, खोटं कशाला बोलू? पण किल्ल्या धाकट्या मालकांकडे. मी काय दाताने उघडलं दार?"

थडग्यावर कोण कोण यायचं, असं विचारलं तर तो हसलाच. मालकांच्या घरचं कुत्रंही फिरकलं नव्हतं. यायची ती फक्त धुणंवाली होनोरा डेलाहंट, दर रविवारी फुलं घेऊन. स्कलीसाठी गरम सूप आणायची. तो पेंगताना दिसला की खांदा धरून गदागदा हलवायची आणि झाडायची. मालकांपेक्षा तिचाच धाक जास्त, असं तो म्हणाला.

धुणंवालीला मालकाचा एवढा पुळका का? क्रेमरला चैन पडेना. तो हॅवर्लींच्या मागच्या अंगणात गेला.

धुण्याच्या खोलीला लागून होनोराची खोली. नवरा डर्मट मालकांच्याच कारखान्यात, आणि दोघं बारा वर्षं त्या खोलीत राहत होती. घरात घटसर्प शिरला तेव्हा हॅवर्ली मंडळी म्हाताऱ्याला सोडून टेकडीवरच्या बंगल्यात पळाली होती. म्हातारा गेल्यावर त्याला आंघोळ घालणं, कपडे चढवणं, पेटीत ठेवणं, सगळं होनोराने एकटीने केलं. नंतर आलेल्या कारागिराने घाईघाईने झाकण शिशाने बंद केलं आणि काढता पाय घेतला. त्याच आठवड्यात डर्मट डुकरं सोलायच्या उकळत्या पाण्याच्या टाकीत कोसळला होता, आणि मागच्या खोलीत तळमळून गेला होता. एकाच सकाळी घरासमोर काचेची शववाहिका उभी राहिली आणि मागच्या दाराशी पालिकेचा खटारा.

होनोरा चादरी पिळत होती. ती थांबली नाही.

"नवऱ्याला कुठे पुरलं, डेलाहंटबाई?"

"खटाऱ्यातून जे जातं ते कुठे पुरतात, ते तुम्हाला ठाऊक आहे, साहेब."

"मग तिथे नाही नेत फुलं?"

"तिथे आता कोण असणार?" तिने चादर झटकली. "स्कलीला खरंच शिक्षा होईल?"

"होईल, खरा चोर सापडला नाही तर."

तिचे हात क्षणभर थांबले. क्रेमरने ते बघितलं आणि त्याला सगळं उमगलं. नवरा मालकाच्या टाकीत उकडून मेला, मालकाच्या घरून कुणी दोन शब्द बोलायलाही आलं नाही. बाईने सूड उगवला होता. म्हातारा कॉलेजला विकला होता आणि पेटीत विटा भरल्या होत्या. त्याला तिची कीव आली. पण स्कलीचं काय?

रिकामं खोकं उघडून काय बघायचंय, म्हणून लूशस कुरकुरले. पण वडिलांना परत पुरायचं तर पेटी लागणारच होती. शनिवारी सकाळी थडग्याचं दार उघडलं. क्रेमरने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. शिसं जसंच्या तसं होतं.

"तुमच्या वडिलांना इथून कुणी नेलं नाही," तो म्हणाला. "ते इथे आलेच नाहीत. आत विटा निघतील. स्कलीला आज सोडायला लागेल."

लूशस यांचा चेहरा पडला. दाराशी होनोरा फुलं घेऊन उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं.

"स्कली सुटला ना साहेब?" तिने विचारलं. "मग आता ती पेटी नका उघडू. मला न्या हवं तर, मी येते. पण पेटी नका उघडू."

क्रेमरला वाईट वाटलं, पण त्याने सोबत आणलेल्या लोहाराला खूण केली. शिसं तुटलं, झाकण बाजूला झालं.

विटा नव्हत्या.

लूशस वाकले आणि झटक्यात मागे सरले. "हा कोण? वडिलांचा कोट घालून हा कोण झोपलाय? या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही."

क्रेमरने पेटीत पाहिलं. रेशमी बाह्यांतून बाहेर आलेल्या दोन्ही हातांना लाकडी जपमाळ गुंडाळलेली होती, आणि ते हात उकळत्या पाण्याने सोलून निघालेले होते.