साल आणि लाकडामधला थर

आबांनी कलमाची पट्टी सोडली, तशी हापूसची वाळकी काडी त्यांच्या हातात आली.

"परत बांधूया."

"आबा, झाडं लवकर उंच व्हावीत म्हणून सोडलेल्या विषाणूनं साल नि लाकडामधला थरच मारलाय," त्यांची मुलगी नीलम म्हणाली. "त्याच्याशिवाय खोड जाड होत नाही, कलम जुळत नाही."

बागेतली नवी झाडं माडाएवढी वाढली होती, पण खोडं करंगळीएवढी. सगळी जमिनीवर आडवी पडलेली.

"लागण रोपांना झालीय. आपल्या जुन्या मोठ्या झाडाला नाही," आबा म्हणाले.

त्यांनी त्या झाडाची काडी कापली आणि सवयीनं चाकूनं साल उचलून पाहिली. निरोगी काडीची साल चटकन सुटते. ही लाकडाला घट्ट चिकटली होती.

त्यांनी नीलमकडे पाठ केली, चाकूनं उचकटलेली सालीची कड दाबून बसवली आणि मागे हात पसरला.

"पट्टी दे."