लांब नळी

सोन्याच्या दुकानात राखणीला धाकट्या दिराला पिस्तूल देऊन बसवलं, तर तो दिवसभर अक्कल पाजळायचा आणि गल्ल्यावर बसलेल्या वहिनीचं डोकं उठायचं. "वहिनी, छोट्या पिस्तुलाची नळी आखूड. आतल्या पिळदार खाचांनी गोळीला फिरकी मिळते, पण वेग कुठून येणार?" शेवटी त्या दिवट्याने हट्टाने लांब नळी बसवून घेतली.

आज भरदुपारी चोर शिरला. दिराने खिशात हात घातला, तर लांब नळी अस्तरात अडकली. तो नुसता ओढत राहिला. शेवटी चोरानेच कंटाळून खिसा टराटरा फाडला आणि दागिन्यांबरोबर पिस्तूलही नेलं.

पोलीस आले, तेव्हा दीर छाती फुगवून सांगत होता, "जपून हं साहेब, त्याच्याकडची गोळी आता भलतीच वेगात सुटते!"