मुकादमाचा नमस्कार

“ताई, कॅमेऱ्यातलं काय पुसू नको हां,” सकूने काल सुमनला सांगितलं होतं. वीटभट्टीवर परत येणार नाही म्हणाला म्हणून तिच्या नवऱ्याला, जिवाला, जगन मुकादमाने सुमनच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर पहारीने मारून टाकलं होतं. जगन मात्र मोखाडाभर सांगत सुटला होता की जिवा जीपच्या टपावरून पडला. खरं काय ते दुकानावरच्या कॅमेऱ्यात आलं होतं. ते जव्हारच्या पोलीस साहेबांपर्यंत पोचवीन, असा शब्द सुमनने सकूला दिला होता.

आज सकाळी सुमनची पूजा उरकते न उरकते तोच कॅमेऱ्याची कुणकुण लागलेला जगन पहार घेऊन दुकानात शिरला. त्याने टेबलावरचा मॉनिटर फोडला, कीबोर्ड तुडवला, प्रिंटर रस्त्यावर भिरकावला. अडवायला गेलेल्या सुमनचं मनगटही मोडलं.

“आता दाखव तुझा पिक्चर!”

“देव बघतो, जगनदादा,” ती कण्हत म्हणाली.

“बघू दे की!”

तरी जाताना कोपऱ्यात लाल वस्त्रावर मांडलेली देवी दिसली, तसा तो थबकला. चप्पल काढून त्याने हात जोडले, कपाळाला अंगारा लावला आणि निर्धास्त निघून गेला.

सुमनने एका हाताने देवी अलगद उतरवली आणि वस्त्र बाजूला केलं. फुटलेल्या मॉनिटरची वायर त्याखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात जात होती. तिने डब्यातली हार्डडिस्क काढली, पदरात गुंडाळली आणि ती जव्हारच्या जीपकडे चालू लागली.