खुणेचा पेला

“कुलूप काढा, काकू,” तारा सिस्टर म्हणाली.

रत्नमालाबाईंनी कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप होतं आणि आत माठ होता. बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंगावर, चार उशांना टेकून, त्यांचे यजमान पुंडलिकराव बसल्या बसल्या धापा टाकत होते. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून महिनाभर झोपही बसूनच. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. भिलाईतली मे महिन्याची दुपार, आणि क्वार्टरमध्ये कूलर नाही.

कूलर होता की! बाईंनीच तो शेजारच्या शीलाबाईला देऊन टाकला. मार्चमध्ये त्याची टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी पुंडलिकराव तिच्यात वाटी बुडवून वाळ्याचं गढूळ पाणी पिताना सापडले. शिकलेला, पोलाद कारखान्यात चार्जमनच्या हुद्द्यापर्यंत चढलेला माणूस! बाई तेव्हा रडल्या नाहीत. त्याच संध्याकाळी कूलर गेला आणि दाराला कुलूप आलं.

सप्टेंबरात मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. यांचं हृदय थकलंय, अंगातलं पाणी त्याला उपसत नाही. दिवसाला चार पेले पाणी, वर एक घोट नाही. मीठ बंद. बाईंनी सिविक सेंटरच्या बाजारातून स्टीलचा पेला आणला आणि आतून खिळ्यानं खूण केली. रोज चारदा खुणेपर्यंत पाणी मिळायचं, बस. सव्वीस वर्षं भट्टीसमोर उभा राहून मिठाच्या गोळ्या खाणारा आणि एका पाळीत घागर रिकामी करणारा माणूस, त्याला चार पेले! पुंडलिकरावांनी हात जोडले, शिव्या दिल्या, एकदा पेला भिंतीवर फेकून मारला. बाईंनी तो उचलला, धुतला आणि पुढच्या वेळी पुन्हा खुणेपर्यंतच भरला.

गल्लीनं त्यांना नावं ठेवली नसती तरच नवल. नवऱ्याले पाण्यावाचून तडपवते, बाई आहे का जेलर, असं बायका तोंडावर बोलल्या.  बाई मग कुणाकडे बसायलाही थांबेनात. चहा नको, सरबत नको. शीलाबाईनं एकदा भर उन्हात लिंबूपाण्याचा ग्लास हातात दिला, तर तो तसाच ओट्यावर ठेवून आल्या. केवढा तो ताठा, असं शीलाबाई महिनाभर सांगत होती.

तारा सिस्टर वसाहतीतल्या सेक्टरच्या दवाखान्यातली. तिथल्या डॉक्टरांनी होळीनंतर एक नवीन काम काढलं होतं. ज्यांना मोठ्या इस्पितळानं आता काही करण्यासारखं नाही म्हणून घरी पाठवलं, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचं. बरं करायला नाही, त्रास कमी करायला. टेबलफॅन थेट चेहऱ्यावर ठेवला की धाप कमी वाटते, उशा कशा रचायच्या, ओल्या कापसानं ओठ कसे पुसायचे, सगळं सिस्टरनं शिकवलं. बाईंनी मन लावून केलं. पण आज सिस्टरनं नाडी पाहिली, पाय दाबून पाहिले आणि कुलूपच काढायला सांगितलं.

“डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय, आता पाणी मोजायचं नाही. मागतील तितकं द्या.”

“म्हणजे हे बरे होऊन राहिले?” बाईंचा चेहरा एकदम उजळला.

सिस्टरनं नाही म्हणून मान हलवली.

“मंग सरळ म्हणा ना, तोंडात पाणी घालायची वेळ आली म्हणून!” बाई कडाडल्या. “आठ महिने ह्या पेल्यावर मी यायले जगवलं. लोकायचं ऐकलं, यायच्या शिव्या खाल्ल्या. आन् तुमी एका दिवसात मारून टाका! नाई काढत मी कुलूप.”

“तुम्हीच जगवलं, काकू, खरं आहे. पण आता वाचवता येत नाही. तहान तेवढी भागवता येते.” सिस्टर जवळ आली आणि थबकली. “तुमचे ओठ असे काहून फुटले? चक्करगिक्कर येते का?”

“ऊन हाये,” म्हणून बाईंनी तोंड फिरवलं.

“रत्ने,” पलंगावरून आवाज आला. “काढ वं कुलूप.”

आज त्यात शिवी नव्हती. बाईंनी मूठ उघडली आणि किल्ली कुलपात फिरवली. त्यांनी पितळेचा तांब्या माठात बुडवून काठोकाठ भरला. देवाजवळच्या तुळशीच्या पानाकडे नजर गेली, ती त्यांनी मुद्दाम वळवली. तांब्या नवऱ्याच्या तोंडाला लावताना मात्र त्यांना हुंदका आवरला नाही. आपल्याच हातानं आपण माणूस सोडून देतोय, असं त्यांना वाटलं.

पुंडलिकरावांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. डोळे मिटून तिसरा. मग सुजलेल्या हातानं त्यांनी तांब्या बायकोकडे लोटला.

“बस. आता तू पे.”

“मी कायले?”

“माह्या तं हृदयालेच रोग हाये, कानाले नाई,” ते दम घेत घेत म्हणाले. “हितून माठाचा आवाज येते. दर खेपेले पयले माह्यासाठी पेला बुडते, मंग तुह्यासाठी. आठ महिने झाले, तिसऱ्यांदा बुडलेला कधी आयकला नाई. पे रत्ने, पोटभर पे. मले पाहू दे.”