बेगिमायचा पत्ता

बाबांनी प्रत्येक दुकानाला वेगळा ईमेल पत्ता दिलेला असे. एखाद्यावर कचरा यायला लागला, की तेवढा पत्ता मोडीत काढायचा. बाबा गेल्यावर बेगिमाय बिश्केकला आली आणि ते सगळे पत्ते त्यांच्या संगणकावर एकत्र आणून आवरायला बसली. आपल्या फोनवरून चाचणीचं पत्र धाडायचं, ते निमूट येऊन पडलं की पत्ता बंद. स्वयंपाकघरात आई बोरसोक, कणकेचे छोटे फुगीर तुकडे, तळत होती. तळणीचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात.

"अजून आटपलं नाही? एवढ्या वेळात तुझ्या बाबांनी घोडा पारखून घेतला असता!"

"आणि परतही केला असता," बेगिमाय म्हणाली.

शेवटी उरलेल्या पत्त्यात तिचंच नाव होतं. बाबांना ती कायम त्यावरच लिहायची. त्यांनी मायेनं नाव घातलंय, असं समजायची. आता कळलं, तोही दुकानांच्या पत्त्यांसारखाच, केव्हाही टाकून देता येणारा. तिनं ओठ मिटून त्यावरही चाचणीचं पत्र धाडलं.

संगणकावर खणखणीत घंटी वाजली. इतका वेळ एकाही पत्राला वाजली नव्हती.

"अहो, उठा," आतून आईची हाक आली, "बेगिमायचं पत्र आलंय!"

बेगिमायनं तो पत्ता बंद न करता तसाच ठेवला.